आरोपपत्र ही मेहेरबानी नव्हे, आपला हक्क आहे!

'तुमच्याविरुद्ध तक्रार आहे' एवढेच तोंडी सांगून कर्मचाऱ्याला घरी बसवले जाते. मग आपले तरुण आम्हाला विचारतात, आता काय करायचे? आम्ही सांगतो, आधी लेखी आरोप मागा. हा हक्क कुठून आला, हा इतिहासही पाठ करा.

मुंबईच्या गिरण्यांत कामगाराची भरती आणि हकालपट्टी बऱ्याच अंशी जॉबरच्या मर्जीवर चाले. अस्पृश्य कामगाराला तर विणकाम खात्यात प्रवेशच नसे. त्याची दाद कोण घेणार? आरोप हाच निकाल, ही गावकुसाबाहेर भोगलेली रीत गिरणीच्या फाटकाआतही होती.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, एप्रिल 1946 मध्ये, औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा झाला. गैरवर्तन कशाला म्हणायचे, निलंबन आणि बडतर्फी कशी करायची, हे 100 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांच्या मालकांना आधी लिहून प्रमाणित करून घेणे भाग पडले. हे नियम साहेबाच्या कपाटात ठेवून चालणार नव्हते. ते प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायचे होते! आरोप लेखी कळवल्याशिवाय आणि खुलाशाची संधी दिल्याशिवाय बडतर्फी नाही, हे तत्त्व नमुना स्थायी आदेशांत आले.

सरकारी नोकरांसाठी संविधानात कलम 311 आले. त्याचे मूळ 1935 च्या कायद्यात होते. 1963 च्या पंधराव्या दुरुस्तीने त्यात स्पष्ट लिहिले गेले की चौकशीत आरोप कळवलेच पाहिजेत. 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने मात्र शिक्षेबाबत म्हणणे मांडण्याची दुसरी संधी काढून घेतली. पुढे 1993 मध्ये करुणाकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की चौकशी अधिकारी वेगळा असेल तर त्याच्या अहवालाची प्रत, निर्णयाआधी, कर्मचाऱ्याला मिळालीच पाहिजे. आस्थापना सरकारी असो वा खासगी.

म्हणजे हक्क मिळतो, कापला जातो आणि लढून पुन्हा मिळवावा लागतो. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांसाठीची 100 कामगारांची मर्यादा 300 वर नेली. लहान कारखान्यांतला कामगार त्या संरक्षणाबाहेर गेला. ठेकेदाराकडचा सफाई कामगार तर 'उद्यापासून येऊ नको' एवढ्यावरच रस्त्यावर येतो. तिथे आपली माणसे किती आहेत, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून नोटीस आली की घाबरू नका. आरोप लेखी घ्या, कागदपत्रे मागा, मुदतीत खुलासा द्या, अहवालाची प्रत घ्या. आणि ज्यांना नोटीसही मिळत नाही, त्यांना संघटित करा. बाबासाहेबांनी संघटित व्हा म्हटले, ते याच कामासाठी.

जय भीम!