छोट्या गाडीचे माप

घरापासून कचेरीपर्यंत आठ-दहा किलोमीटर, वाटेत सिग्नलमागून सिग्नल आणि गाडीत बहुतेक वेळा एकच माणूस. शहरातल्या कित्येक मोटारींचे रोजचे आयुष्य एवढेच असते. अशा फेरीला स्वस्त, हलकी आणि ॲव्हरेज चांगले देणारी गाडी पुरते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरीही शोरूममध्ये आज उंच, जड गाड्यांची गर्दी आहे आणि त्याचे खापर गिऱ्हाइकाच्या हौसेवर फोडले जाते. मागचा इतिहास पाहिला तर हा आरोप अन्यायाचा वाटतो. आपल्याकडे गाडी निवडायची ती सरकारी नियमांनी आधीच आखलेल्या चौकटीत, आणि ती चौकट आखताना रोजच्या छोट्या फेरीचा विचार कोणी केला नाही.

परवाना-राज्यात तर निवड नावापुरतीच होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट, उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढ्यावर यादी संपे. कमी किमतीची मोटार देशात व्हावी, अशी शिफारस झा समितीने १९६० मध्ये केली. पुढची वीस वर्षे ती कागदावरच राहिली. इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची चिमुकली गाडी स्वतःच्या हिकमतीने बनवली, १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत तिचे नमुने सुधारत नेले, पण ती कारखान्यात कधी उतरली नाही. एका माणसाची इतक्या वर्षांची मेहनत अशी वाया जावी, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. त्या काळात रोजची फेरी पेलली ती स्कूटरने, आणि तिच्यासाठीही नंबर लागण्याची वाट वर्षानुवर्षे पाहावी लागे.

मग १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली. तिचे कौतुक भरपूर झाले आहे. तिचे कूळ मात्र क्वचित सांगितले जाते. सुझुकीची जी छोटी गाडी आपण घेतली, ती जपानच्या केई वर्गासाठी घडलेली होती. तिला निर्यातीसाठी ७९६ सीसीचे मोठे इंजिन बसवले, इतकेच. जपानने हा वर्ग १९४९ मध्ये कायद्याने निर्माण केला. इंजिनाची मर्यादा १९५५ मध्ये ३६० सीसी झाली, १९७६ मध्ये ५५० आणि १९९० मध्ये ६६०. लांबी, रुंदी आणि इंजिन अशी तिन्ही मापे ठरलेली. त्या मापात बसणाऱ्या गाडीला कर कमी आणि पुष्कळ गावांत पार्किंगच्या जागेचा दाखलाही माफ. आजही तिथे केई गाडीचा वार्षिक कर १०,८०० येन आहे, तर साध्या वर्गातल्या लहानात लहान गाडीचा २५,००० येन. म्हणजे आपल्या मध्यमवर्गाने जिला काटकसरीची गाडी म्हणून जीव लावला, ती दुसऱ्या देशाच्या कर-कायद्याने घडवलेली होती. आपण गाडी आणली, ती घडवणारा कायदा आणला नाही.

आपला कायदा आला २००६ च्या अर्थसंकल्पात. छोट्या गाडीवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. हेतू चांगला होता: भारत छोट्या गाड्यांचे जागतिक केंद्र व्हावा. पण छोटी म्हणजे चार मीटरपेक्षा लांब नसलेली, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. रुंदी, उंची आणि वजन यांचा उल्लेखच नव्हता. कारखान्यांनी नियम नीट वाचला. २००८ मध्ये ४,१६० मिलिमीटर लांबीची आलेली डिझायर २०१२ मध्ये डिकी कापून ३,९९५ मिलिमीटरची झाली. ३,९९५ हा आकडा आज किती तरी निरनिराळ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत सापडतो. लांबी कापली तशी उंची आणि वजन वाढत गेले.

इंधनाच्या दराचे असेच झाले. जून २०१० मध्ये पेट्रोलचा दर खुला झाला, डिझेलचा मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत बांधलेला राहिला. २०१२ च्या मध्यावर दिल्लीत दोन्हींत लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक होता, आणि लोक डिझेल गाड्यांवर तुटून पडले. रोज वीस किलोमीटर, वर्षाला सहा हजार किलोमीटर चालणाऱ्याचा हिशेब मांडून पाहा. पेट्रोल गाडी लिटरला १५ देते आणि डिझेल २० देते असे धरले, तरी तेव्हाच्या दराने वर्षाला वाचत होते सुमारे सोळा हजार रुपये. डिझेल गाडीचे लाखभर जास्तीचे पैसे भरून निघायला सहा वर्षे हवीत, आणि दरातली तफावत तर त्याआधीच बरीच घटली. त्यातून डिझेल इंजिन तापायला वेळ घेते. आठ किलोमीटरच्या फेरीत ते जरा रुळते तोवर कचेरी आलेली असते.

यावर कोणी म्हणेल, लोकांना छोटी गाडी नकोच होती. नॅनोचे काय झाले ते पाहा. लाख रुपयांची म्हणून २००८ मध्ये दाखवलेली ६२४ सीसीची नॅनो २०१८ मध्ये बंद पडली, हे खरे. पण जवळपास तेवढ्याच काळात देशात सर्वाधिक खपणारी गाडी ऑल्टो होती. लोकांनी नाकारला तो सर्वांत स्वस्त असल्याचा शिक्का, लहानपणा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपल्याकडे घरात एकच गाडी असते, तीच लग्नाला, तीच गावाला. मात्र मारुती ८०० ने दोन पिढ्या हे सगळे केले होते. तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण जुन्या हलक्या गाड्या टक्करीत खरोखरच कच्च्या होत्या. जपानपुढेही हाच प्रश्न होता. १९९८ मध्ये तिथे टक्करीपासून बचावासाठी केई गाडीची लांबी-रुंदी वाढवून दिली आणि इंजिन ६६० सीसीवरच ठेवले. सुरक्षितता वाढवताना तहान वाढू द्यायची नाही, असे कायद्याने ठरवता येते.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तोही त्याच चार मीटरच्या मापाने. साडेतीन मीटरची, साडेसातशे किलोच्या आसपासची गाडी आणि बाराशे किलोवरची ३,९९५ मिलिमीटरची गाडी एकाच पायरीवर बसल्या. वजन आणि इंधनखर्च यांवरून कराच्या पायऱ्या लावायला नवे काही शोधावे लागणार नाही. वजन नोंदणीच्या कागदावर लिहिलेले असते, आणि गाड्यांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे.