सरकीची ढेप आणि हिरवा बलक

धरणगाव हे जुने कापसाचे गाव. सरकीचे तेल काढायचे आणि उरलेली ढेप गोठ्यात घालायची, ही खानदेशातली नेहमीची वाटणी. ढेपेत प्रथिने भरपूर, आणि अंड्यावर असलेल्या कोंबडीला प्रथिने लागतातच. मग गाईपुढची मूठभर ढेप खुराड्यात का टाकू नये?

अमेरिकेच्या कापूसपट्ट्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे करून झाले. ताजे अंडे फोडले तर निर्दोष दिसे. शीतगृहात काही महिने ठेवलेल्या अंड्यांचा मात्र कधी बलक शेवाळी हिरवा, तर कधी पांढरा भाग चक्क गुलाबी निघे!

1933 साली कॅलिफोर्नियात लॉरेन्झ, आल्मक्विस्ट आणि हेंड्री यांनी गुलाबी रंगाचा माग कापसाच्या कुळापर्यंत काढला. त्या कुळातले तण खाल्लेल्या कोंबड्यांची अंडीही तशीच होत. (आपली भेंडी आणि अंबाडी याच कुळातल्या.) पुढच्या वर्षी शायबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरव्या बलकाचे कारण दाखवले: सरकीतील गॉसिपॉल. सरकी आडवी कापून भिंगाखाली धरा. जे काळसर ठिपके दिसतात त्या याच द्रव्याच्या ग्रंथी.

म्हणजे कारणे दोन, पण दोन्ही रंगांत लोह सामाईक. सरकीच्या तेलातील काही मेदाम्लांमुळे बलकाभोवतीचे पटल नीट आडकाठी करत नाही. लोह झिरपते, पांढऱ्यातील प्रथिनाशी जुळते आणि गुलाबी रंग येतो. गॉसिपॉल बलकातल्याच लोहाशी जुळते, तेव्हा तो हिरवा होतो. साठवणीत कवचातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, अंड्याची आम्लता घटते आणि ही क्रिया पुढे सरकते.

उपायही लोहातच सापडला. 1942 साली स्वेन्सन आदींनी खाद्यात हिराकस मिसळून बलकाचा रंग राखला, कारण गॉसिपॉल कोंबडीच्या पोटातच अडकते. गाईचे काम पुष्कळसे तिच्या पोटातले जंतूच करतात. कोंबडीला ती सोय नाही. गॉसिपॉल फार झाले तर अंडीच कमी होतात.

मग ग्रंथीच नसलेला कापूस का लावू नये? 1950 च्या दशकात मॅकमायकेल यांनी तसा घडवलाही. पण किडींनी तो आवडीने खाल्ला! 2006 साली टेक्सासमध्ये कीर्ती राठोर यांच्या गटाने गॉसिपॉल फक्त बियांतून घटवले. पानांतले तसेच ठेवले. 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने त्या कापसाच्या लागवडीवरचे निर्बंध उठवले.