मानेचे दुसरे ऑपरेशन

मानेच्या मणक्याचे ऑपरेशन म्हटले की घरच्यांच्या पोटात गोळा उठतो. ते साहजिकच आहे. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू मानेतल्या या अरुंद वाटेनेच खाली उतरतो. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या एका वैद्यकीय पपायरसात, मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रोग्याचे वर्णन आहे. त्याच्यावर उपचार करू नये, असा निर्वाळाही तिथेच दिला आहे.

पुढे शस्त्रवैद्य मागच्या बाजूने मणके उघडू लागले. पण त्रास देणारी चकती असते पुढे! १९५५ साली बाल्टिमोरचे रॉबिन्सन व स्मिथ यांनी, आणि १९५८ साली होनोलुलूचे राल्फ क्लॉवर्ड यांनी पुढून जाण्याची रीत प्रसिद्ध केली. एकीकडे श्वासनलिका व अन्ननलिका, दुसरीकडे मेंदूला रक्त नेणारी धमनी. यांच्यामधून वाट काढायची, खराब चकती काढायची आणि रोग्याच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा तिथे बसवायचा. सुताराने पाचर ठोकावी, तसेच म्हणा ना!

ही पाचर कधी कधी निसटे आणि रोगी पुन्हा टेबलावर येई. १९८० च्या दशकात जर्मनीच्या कास्पर यांनी धातूची पट्टी स्क्रूने बसवण्याची पद्धत पुढे आणली, तेव्हा ती भीती बरीच कमी झाली. रक्त साकळण्याची भीती मात्र राहिली. ऑपरेशननंतर, बहुधा पहिल्या एकदोन दिवसांत, आत रक्त साठते, मान फुगते, गिळता येत नाही, श्वास कोंडतो. तेव्हा डॉक्टर प्रसंगी खाटेवरच टाके उसवतात. मागून केलेल्या ऑपरेशनात जखम पिकण्याचा धोका अधिक.

आता या परतणाऱ्या रोग्यांचा हिशेब कोणी ठेवायचा? बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन काही मानेचे वैद्य नव्हते. पण १९११ मध्ये त्यांनी स्वतःचे छोटे इस्पितळ काढले आणि १९१६ पर्यंतच्या ३३७ रोग्यांचे काय झाले ते छापून टाकले. त्यात १२३ चुका त्यांनी स्वतःच मोजल्या होत्या! सहकाऱ्यांना हे मुळीच रुचले नाही. आज मात्र अमेरिकेतली शेकडो इस्पितळे ३० दिवसांच्या आत अचानक करावे लागलेले दुसरे ऑपरेशन नोंदवतात.

त्या नोंदी काय सांगतात? एकाहून अधिक मणक्यांवरचे काम, लांबलेले ऑपरेशन, मधुमेह, अंगात रक्त कमी असणे, रक्त लवकर न गोठणे, धूम्रपान — यांनी धोका वाढतो. आता, दुसरे ऑपरेशन म्हणजे डॉक्टरची चूकच, असे मात्र समजू नका. वेळेवर उघडलेल्या जखमेने जीव वाचतो. उलट, आकडा चांगला दिसावा म्हणून अशक्त रोग्याला परत पाठवणारे इस्पितळ मला अधिक भयंकर वाटते.

यादीतल्या काही गोष्टी रोग्याच्या हातात आहेत. विडी-सिगारेट सोडली तर हाड लवकर जुळते. हृदयासाठी चालू असलेली ऍस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी पुष्कळदा सांगायची राहून जाते. ती डॉक्टरांना दाखवा, पण आपल्या मनाने बंद करू नका. ती किती दिवस आधी थांबवायची, किंवा थांबवायचीच की नाही, हे हृदयाकडे आणि मानेकडे दोन्हीकडे पाहून त्यांनाच ठरवावे लागते.