दक्षिण टिरोल : फॅसिस्ट राजवटीतील सक्तीचे इटालियनीकरण

आल्प्स पर्वतातील ब्रेनर खिंडीच्या दक्षिणेकडचा प्रदेश म्हणजे दक्षिण टिरोल. पहिल्या महायुद्धापर्यंत तो ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा भाग होता. १९१५ मध्ये इटलीने दोस्त राष्ट्रांच्या बाजूने युद्धात उतरावे म्हणून लंडनच्या गुप्त करारात तो तिला कबूल करण्यात आला. १९१९ च्या सेंट-जर्मेन तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले आणि ऑक्टोबर १९२० मध्ये तो रीतसर इटलीत विलीन झाला. १९१० च्या ऑस्ट्रियन जनगणनेनुसार येथील सुमारे ८९ टक्के लोक जर्मन भाषक होते. इटालियन बोलणारे जेमतेम ३ टक्के होते, तर काही दऱ्याखोऱ्यांत लादिन बोलली जाई. ब्रेनरची सीमा लष्कराच्या सोयीची होती, पण तेथे राहणाऱ्या माणसांना कोणी विचारले नव्हते.

आरंभीच्या उदारमतवादी इटालियन सरकारांनी स्थानिक शाळा आणि नगरपालिका बऱ्याच अंशी पूर्वीप्रमाणे चालू दिल्या. फॅसिस्टांना ते मान्य नव्हते. २४ एप्रिल १९२१ रोजी बोझेन शहरात पारंपरिक वेशातील मिरवणुकीवर त्यांच्या टोळ्यांनी हल्ला केला. त्यात फ्रान्झ इनरहोफर हा शिक्षक मारला गेला. ऑक्टोबर १९२२ च्या आरंभी फॅसिस्टांनी बोझेनचे नगरभवन ताब्यात घेतले आणि महापौर युलिउस पेराथोनर यांना पदावरून दूर व्हावे लागले. सरकार बघ्याची भूमिका घेते, हे या प्रकाराने उघड झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस मुसोलिनीचे अनुयायी रोमवर चालून गेले आणि सत्ता त्याच्या हाती आली.

इटालियनीकरणाचा आराखडा त्याआधीच तयार होता. रोव्हेरेतो येथे १८६५ मध्ये जन्मलेल्या एत्तोरे तोलोमेई याने १९०६ पासून एक नियतकालिक चालवून हा प्रदेश मुळात इटालियनच असल्याचा दावा मांडला होता. जर्मन हे केवळ वरून चढलेले पुट आहे, ते खरवडले की खरा इटालियन प्रदेश दिसेल, असे तो मानत असे. १९१६ मध्ये त्याने स्थळनामांचा कोश प्रसिद्ध केला. त्यात दहा हजारांहून अधिक इटालियन नावे होती. काही रोमन काळातून उचललेली होती, जसे श्टेर्झिंगचे विपितेनो. काही जर्मन नावांची भाषांतरे होती, काहींना इटालियन प्रत्यय जोडले होते आणि काही संतांच्या नावांवरून घेतली होती. मार्च १९२३ च्या फर्मानाने ही नावे अधिकृत ठरली. १५ जुलै १९२३ रोजी तोलोमेईने बोझेनच्या नाट्यगृहात आपला पूर्ण कार्यक्रम जाहीर केला. शाळा, न्यायालये, सरकारी नोकऱ्या, वृत्तपत्रे, दुकानांच्या पाट्या असे जीवनाचे एकही अंग त्यातून सुटले नाही. ‘टिरोल’ हे नाव वापरण्यावरही बंदी आली.

सर्वांत खोल घाव शिक्षणावर बसला. १ ऑक्टोबर १९२३ च्या कायद्याने, शिक्षणमंत्री जोवान्नी जेंतिले यांच्या सुधारणांचा भाग म्हणून, पहिलीपासून वर्षागणिक इटालियन हीच शिक्षणाची भाषा झाली. जर्मन शिक्षक बडतर्फ झाले किंवा दूरच्या प्रांतांत धाडले गेले. त्यांच्या जागी आलेल्या शिक्षकांची भाषा मुलांना कळत नसे. धर्मगुरू मिखाएल गाम्पर यांनी घरोघरी मातृभाषा शिकवण्याचे आवाहन केले आणि त्यातून ‘काटाकोंब’ म्हणजे भूमिगत शाळा उभ्या राहिल्या. शेतघरांत, माळ्यांवर, कोठारांत मुलांचे लहान गट जर्मन वाचायला-लिहायला शिकत. शिकवणाऱ्यांत तरुण मुलींची संख्या मोठी होती. पकडल्या गेलेल्यांना दंड, तुरुंगवास किंवा हद्दपारी भोगावी लागे. या चळवळीतील वकील योझेफ नोल्डिन यांना १९२७ मध्ये लिपारी बेटावर हद्दपार करण्यात आले. १९२९ च्या अखेरीस त्यांचा मृत्यू झाला.

राजवटीने दगडातूनही आपला दावा कोरला. १२ जुलै १९२८ रोजी बोझेनमध्ये वास्तुविशारद मार्चेल्लो पियाचेंतिनी याने रचलेल्या विजयस्मारकाचे उद्घाटन झाले. इटलीनेच इतरांना भाषा, कायदे आणि कला दिल्या, अशा आशयाचा लॅटिन लेख त्यावर आहे. मध्ययुगीन जर्मन कवी वाल्थर फोन डेर फोगलवायडे याचा पुतळा १९३५ मध्ये मुख्य चौकातून हलवण्यात आला. त्याच सुमारास शहराबाहेर औद्योगिक वसाहत उभारून इटलीच्या इतर भागांतून कामगार आणले गेले. शहराची लोकसंख्या त्यामुळे बदलली, ग्रामीण भाग मात्र जर्मनच राहिला.

दक्षिण टिरोलमधील अनेकांनी नंतर हिटलरकडून आशा बाळगली. पण हिटलरला मुसोलिनीची मैत्री हवी होती. मे १९३८ मध्ये रोममध्ये त्याने आल्प्सची सीमा कायम असल्याचे जाहीर केले. जून १९३९ मध्ये बर्लिनला झालेल्या समझोत्याने जर्मन भाषकांपुढे एकच निवड ठेवली : जर्मन राइखमध्ये जा, नाहीतर इटलीत राहा आणि इटालियनीकरण स्वीकारा. मुदत त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत होती. प्रचार आणि अफवांच्या दबावाखाली प्रचंड बहुमताने जाण्याची नोंद केली. राहणाऱ्यांना गद्दार ठरवले गेले आणि कुटुंबे, गावे दुभंगली. युद्धामुळे स्थलांतर अर्धवट राहिले, तरी सुमारे ७५,००० लोक घरदार सोडून गेले. राष्ट्राच्या नावाने बोलणाऱ्या दोन्ही हुकूमशहांनी माणसांना पटावरच्या सोंगट्यांसारखे हलवले.

सप्टेंबर १९४३ मध्ये नाझी फौजांनी प्रदेश ताब्यात घेतला. युद्धानंतर तो इटलीतच राहिला. ५ सप्टेंबर १९४६ रोजी पॅरिसमध्ये इटलीचे आल्चीदे दे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे कार्ल ग्रुबर यांच्यात जर्मन भाषकांच्या हक्कांचा करार झाला. त्याची अंमलबजावणी अपुरी होत असल्याने तंटा संयुक्त राष्ट्रांत गेला, काही काळ बॉम्बस्फोटही झाले. १९७२ च्या स्वायत्तता कायद्यानंतर स्थिती सुधारली आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचे अधिकृतपणे सांगितले. आज तेथे जर्मन, इटालियन आणि लादिन या तिन्ही भाषांना कायद्याचे संरक्षण आहे. वीस वर्षांच्या सक्तीने जे साधले नाही, ते हक्कांच्या हमीने साधले : जर्मन भाषक लोक आपली भाषा न सोडता इटलीचे नागरिक म्हणून राहू लागले.