जंबोला कुणी विकलं?

जंबो वडापाव, जंबो जेट, जंबो मंत्रिमंडळ. ‘अवाढव्य’ या अर्थाने हा शब्द जगभर रुळला तो एका आफ्रिकन हत्तीमुळे. प्राणिसंग्रहालयातल्या एका प्राण्यावरून जग कसं पेटून उठतं, हे २०१६ साली हरांबे गोरिलाला गोळी घातली तेव्हा आपण पाहिलं. १८८२ साली लंडनमध्ये हे सगळं एकदा होऊन गेलं होतं, फक्त टपालाने.

शिकाऱ्यांनी आफ्रिकेत पकडलेलं हे पिल्लू आधी पॅरिसला गेलं आणि तिथून अदलाबदलीत १८६५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आलं. आलं तेव्हा आजारी होतं. मॅथ्यू स्कॉट या रखवालदाराने त्याला जगवलं. पुढे लंडनची पोरं वर्षानुवर्षं त्याच्या पाठीवर बसून फेऱ्या मारत राहिली, त्याला बन भरवत राहिली.

रात्री मात्र जंबो खोलीच्या भिंतींना धडका देई. त्यात त्याचे सुळे मोडले. तो माजावर येतोय, अशी अधीक्षक अब्राहम बार्टलेट यांची समजूत झाली. दिवसा पोरांना फिरवणारा हत्ती एखाद्या दुपारी बिथरला तर? वेळ आलीच तर हाताशी असावी म्हणून त्यांनी ताकदवान बंदूकही मागितली. तेवढ्यात अमेरिकन सर्कसवाला पी. टी. बार्नम याने दोन हजार पौंड देऊ केले. सौदा झाला.

बातमी फुटली आणि गहजब उडाला. वर्तमानपत्रांवर पत्रांचा पाऊस पडला. प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचे काही सभासद कोर्टात गेले आणि हरले. जंबो रस्त्यातच आडवा झाला, पुढे पाऊल टाकेना, तेव्हा त्याला देश सोडायचा नाही असं लोकांनी ठरवूनच टाकलं. शेजारच्या ॲलिस हत्तिणीला तर त्याची बायको करून टाकलं! ‘डेली टेलिग्राफ’ने बार्नमला तार केली, लाख पौंड दिले तरी हत्ती मिळणार नाही, असं त्याने उलट कळवलं. नकार कसला, फुकटची जाहिरात होती ती. इकडे निरोप द्यायला इतकी झुंबड उडाली की प्राणिसंग्रहालयाचा गल्लाही भरला.

भांडणाचा मुद्दा होता, हत्ती आमचा की अमेरिकेचा. तो रात्री भिंतींवर का आदळतो, हा मुद्दा त्या गदारोळात ऐकू येत नाही. मला ही पत्रं लिहिणारे खोटे वाटत नाहीत. त्यांचं प्रेम खरंच होतं. फक्त ते दिवसा पाहिलेल्या हत्तीवर होतं.

२०१७ साली डेव्हिड ॲटनबरो यांच्या माहितीपटासाठी तज्ज्ञांनी न्यूयॉर्कमधला जंबोचा सांगाडा तपासला. दाढा वेड्यावाकड्या होत्या. जंगलातला हत्ती फांद्या, साली चावतो, त्यात दाढा झिजून पडतात आणि मागून नवी दाढ पुढे सरकते. पिंजऱ्यातल्या मऊ खाण्यावर जंबोचं ते नीट झालंच नाही. बार्टलेट ज्याला माज म्हणत होते, ती बहुधा दाढदुखी होती. सांध्यांवरही पाठीवर वाहिलेल्या ओझ्याच्या खुणा सापडल्या.

१८८५ साली कॅनडात सेंट थॉमस इथे रेल्वेगाडीची धडक बसून जंबो मेला. बार्नमने त्याचं कातडं सांगाड्यावर चढवून उभं केलं, हाडांचा सांगाडा वेगळा जोडून घेतला आणि दोन्ही गावोगाव फिरवले. पुढच्याच वर्षी त्याने लंडनहून ॲलिसला विकत आणलं आणि जंबोची विधवा म्हणून त्या कातड्याशेजारी उभं केलं.