बेटावरचे दिवे

जुलैत आमच्या मलकापुरात गच्चीवर उभं राहिलं की आगाशिवचा डोंगर समोर आहे, हे आठवणीवरच मानावं लागतं. ढग पायथ्यापर्यंत उतरलेले असतात. ढेबेवाडी फाट्याकडून येणाऱ्या ट्रकचे दिवे एकदम जवळ आल्यावरच उमटतात. उघडीप मिळाली की कराडच्या धावपट्टीकडून सरावाच्या छोट्या विमानांचा आवाज येतो. गल्लीतली दोन पोरं आता पायलट व्हायचं म्हणतात. त्यांतल्या एकानं परवा विचारलं, "काका, इंजिन चालू, पेट्रोल भरलेलं, पायलट शिकलेला, तरी विमान पडतं कसं?"

त्याला मी एका रात्रीची हकीकत सांगितली. १६ जुलै १९९९, शुक्रवार. विमान चालवत होते जॉन एफ. केनेडी ज्युनियर, अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव, वय ३८. नाव मोठं असल्यामुळे त्या रात्रीचा तपास फार बारकाईनं झाला. त्यातला मिनिटामिनिटाचा हिशेब विमान शिकणाऱ्या प्रत्येक मुलानं वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

आदला दिवस, १५ जुलै. केनेडींच्या डाव्या घोट्याचं हाड मोडलं होतं. त्यावरचा आधाराचा बूट या दिवशी निघाला. पंधरा दिवसांपूर्वी, १ जुलैला, याच विमानातून मार्थाज् व्हिनयार्ड बेटावर ते रात्रीचे गेले होते, तेव्हा शेजारी प्रशिक्षक होता. पाय त्या बुटात असल्यानं उतरवताना आणि जमिनीवर विमान नेताना त्या प्रशिक्षकानं हात दिला होता.

शुक्रवार, संध्याकाळी ६.३२. त्यांनी इंटरनेटवर हवामान पाहिलं. आकाश मोकळं, धुरकट हवा, दृश्यमानता चार मैलांपासून दहा मैलांपर्यंत. कायद्याला तीन मैल पुरतात, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण ही दृश्यमानता विमानतळावर, जमिनीजवळ मोजलेली असते. समुद्रावर, साडेपाच हजार फुटांवर, अंधारात काय दिसेल, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. त्याच विमानतळावरच्या दुसऱ्या एका पायलटनं धुरकट हवा पाहून त्याच बेटाचा बेत त्या संध्याकाळी रद्द केला.

एका प्रशिक्षकानं सोबत येऊ का, असं विचारलं होतं. "मला एकट्यानं करायचंय," अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं. मला इथे थांबावंसं वाटतं. उद्धटपणाचं हे उत्तर नव्हे. शिकणाऱ्या प्रत्येकाला एक दिवस असं वाटतं आणि वाटायलाच हवं. फक्त त्यासाठी कोणती संध्याकाळ निवडायची, हा प्रश्न असतो.

रात्री ८.१४. सूर्य मावळला. निघायचं खरं तर उजेडात होतं. पण मेहुणी लॉरेन बेसेट बरोबर येणार होती आणि शुक्रवारच्या ट्रॅफिकमध्ये सगळ्यांनाच उशीर झाला. तिला मार्थाज् व्हिनयार्ड बेटावर सोडायचं आणि पुढे पत्नी कॅरोलिनसह चुलत बहिणीच्या लग्नाला जायचं. लग्न दुसऱ्या दिवशी. लग्नघरी पोचायची घाई काय असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. दोन तासांचा उशीर एरवी किरकोळ. पण इथे त्या दोन तासांनी दिवसाच्या उड्डाणाचं रात्रीचं उड्डाण केलं, आणि तरी बेत तोच राहिला.

आपल्याकडे सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपुढे नुसत्या नजरेच्या भरवशावर दूरच्या गावी उडता येत नाही. विमानतळाजवळच्या आणि सरावाच्या उड्डाणांना तेवढी सूट मिळते. अमेरिकेत तशी बंदी नाही.

८.३८. न्यू जर्सीतल्या एसेक्स काउंटी विमानतळावरून उड्डाण. विमान पायपर साराटोगा, एका इंजिनाचं, सहा आसनांचं, आत घेता येणाऱ्या चाकांचं. एप्रिलमध्येच घेतलेलं. पायलटच्या गाठीला एकूण सुमारे ३१० तास, त्यांतले ५५ रात्रीचे. पण या विमानातले फक्त ३६. आणि याच विमानात, प्रशिक्षक शेजारी नसताना, रात्रीचे किती? ०.८ तास. पाऊण तासाहून जरा जास्त.

खाजगी पायलटचं लायसन्स एप्रिल १९९८ मध्ये मिळालं होतं. बाहेर न बघता, नुसत्या उपकरणांवर विमान चालवायचं शिक्षण अर्ध्यावर होतं: लेखी परीक्षा पास, २५ धड्यांपैकी १२ पुरे.

टॉवरशी शेवटचं बोलणं इथेच झालं. पुढे तासभर रेडिओवर एक शब्द नाही. फ्लाइट प्लॅनही दिलेला नव्हता. दोन्ही गोष्टी नियमात बसणाऱ्या. पण वाटेत त्यांच्या अंगावर येणाऱ्या एका प्रवासी जेटला कंट्रोलरनं सावध केलं, तेव्हा या छोट्या विमानाला काही सांगायची सोयच नव्हती.

८.४७ ते ९.३०. संधिप्रकाश संपला. आकाशात चतुर्थी-पंचमीची कोर, तीही खाली. कनेक्टिकटच्या किनाऱ्यालगत ५,५०० फुटांवर विमान सरळ चाललं होतं. खाली गावांचे दिवे, वाटेत एकामागून एक विमानतळ. या चाळीस मिनिटांत कुठेही उतरून रात्र काढली असती, तर फार तर लग्नाला उशीर झाला असता. गेल्या पंधरा महिन्यांत या वाटेनं त्यांनी जाताना-येताना मिळून सुमारे ३५ उड्डाणं केली होती. पाठ झालेली वाटच माणसाला गाफील करते.

पॉइंट ज्युडिथपाशी किनारा वळतो. विमान वळलं नाही, ते सरळ पाण्यावर गेलं.

त्या रात्री त्याच भागात उडणारा एक पायलट नंतर सांगत होता: बेट जिथे असायला हवं तिथे पाहिलं तर एकही दिवा नाही. त्याला वाटलं, बेटावरची लाइट गेली की काय. लाइट गेलेली नव्हती.

९.३३. बेटापासून ३४ मैलांवर त्यांनी उतरायला सुरुवात केली. मिनिटाला चारशे ते आठशे फूट. व्यवस्थित.

आता कानाचं सांगतो. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत पाणी. डोकं वळलं की पाणी मागे राहतं, त्यावरून मेंदूला वळण कळतं. पण वळण अगदी सावकाश सुरू झालं तर कळतच नाही. आणि एकसारखं चालू राहिलं तर वीसेक सेकंदांत पाणीही वळणाच्या गतीनं फिरू लागतं, मग मेंदू म्हणतो, आपण सरळ चाललोय. लहानपणी अंगणात गरगर फिरून थांबलो की अंगण उलटं फिरायचं, तेच हे पाणी. अंगणात पायाखाली जमीन असते, तुळशीवृंदावन दिसतं, दोन क्षणांत सगळं जागेवर येतं. काळोख्या समुद्रावर जागेवर आणणारं काहीच नसतं, समोरच्या काचेमागचं कृत्रिम क्षितिज सोडून. शरीर एक सांगतं, काटा दुसरं. काट्यावर विश्वास ठेवायला सराव लागतो, अक्कल पुरत नाही. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात असा सराव नसलेल्या वीस पायलटांना बाहेरचं दिसू न देता विमान चालवायला दिलं. विसांच्या वीसही जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद.

९.३८. कारण नसताना उजवीकडे वळण. अर्ध्या मिनिटानं, २,२०० फुटांवर, उतरणं थांबलं. विमान परत वर चढू लागलं. वळण थांबलं. रडारवरच्या या ठिपक्यांत मला एक माणूस चाचपडताना दिसतो. विमानात ऑटोपायलट होता. पंख समतल ठेवून उंची धरायचं काम तो करू शकत होता.

९.४०. डावीकडे वळण, पुन्हा उतार. मग उजवीकडे वळण, आणि हे वळण आवळत गेलं.

इथे काय होतं ते त्या पोराला मी हाताच्या पंजानं दाखवलं. पंख कलला की नाक खाली जातं, वेग वाढतो. कान सांगतो, पंख सरळ आहेत, नुसतंच खाली चाललोय. मग हात आपोआप दांडा मागे ओढतो. पण कललेल्या विमानात दांडा ओढला की विमान वर येत नाही, वळण आणखी आवळतं. आधी पॉवर कमी करायची, कृत्रिम क्षितिज बघून पंख सरळ करायचे, मग नाक वर. क्रम चुकला की विमान मळसूत्रासारखं खाली जातं. पोरानं स्वतःचा पंजा तिरका करून दोनदा करून पाहिलं.

९ वाजून ४० मिनिटं ३४ सेकंद. रडारवरचा शेवटचा ठिपका. उंची १,१०० फूट. खाली येण्याचा वेग मिनिटाला ४,७०० फुटांहून जास्त. त्या वेगानं पाणी चौदा सेकंदांवर. इंजिन चालू होतं. यंत्रात बिघाड सापडला नाही. तपास अहवालानं कारण लिहिलं ते असं: रात्री पाण्यावरून खाली उतरताना दिशाभ्रम होऊन पायलटचा ताबा सुटला, आणि त्यात भर धुरकट हवेची आणि काळोखाची.

९.५३. बेटावरच्या विमानतळाची हवामान नोंद: आकाश निरभ्र, दृश्यमानता दहा मैल.

१०.०५ च्या सुमारास. लॉरेनला न्यायला आलेल्या जोडप्यानं विमानतळावरच्या एका शिकाऊ पोराला विचारलं, विमान कुठवर आलं? त्यानं एक फोन केला, पण हाती काही लागलं नाही. फ्लाइट प्लॅन नसल्यामुळे हे विमान यायचं आहे, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं.

पहाटे २.१५. घरच्यांचा तटरक्षक दलाला फोन गेला.