जालना जिल्हा आणि तिसऱ्या मात्रेची वेळ

कोविड लसीकरणाच्या इतिहासात जालना जिल्ह्याचे नाव अगदी आरंभापासून येते. २ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्रातील पुणे, नागपूर, नंदुरबार आणि जालना या चार जिल्ह्यांत लसीकरणाची रंगीत तालीम, म्हणजे प्रत्यक्ष लस न टोचता नोंदणीपासून निरीक्षण कक्षापर्यंतच्या व्यवस्थेची चाचणी, घेण्यात आली. राज्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे हेही याच जिल्ह्यातील घनसावंगीचे आमदार होते. तिसऱ्या मात्रेच्या वेळी मात्र ही पूर्वतयारी फारशी कामी येण्याजोगी नव्हती, कारण ती मात्रा केव्हा द्यायची हे जिल्ह्यात नव्हे, तर दिल्लीत ठरत होते.

एकदा टोचून भागत नाही, हा अनुभव जुनाच आहे. १८०२ साली मुंबईत देवीची लस प्रथम टोचली गेली तेव्हा तिचे संरक्षण आयुष्यभर पुरेल अशी समजूत होती. पुढे ते ओसरते हे ध्यानात आल्यावर पुन्हा टोचण्याची पद्धत रूढ झाली. कोविडच्या लसीबाबत हा काळ वर्षांवरून महिन्यांवर आला. विषाणूला चिकटून त्याला पेशीत शिरू न देणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, काही महिन्यांत घटतात, त्यामुळे संसर्गापासूनचे संरक्षण लवकर ओसरते, तर गंभीर आजारापासूनचे अधिक काळ टिकते. वर्धक, म्हणजे तिसरी, मात्रा विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशींना पुन्हा जागे करते. ती फार लवकर दिली तर लाभ मर्यादित राहतो आणि फार उशिरा दिली तर लाट आधीच येऊन जाते.

भारतात नेमके दुसरे घडले. १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी, आघाडीवरील कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठीपुढील नागरिक यांना ही मात्रा ‘प्रिकॉशन डोस’ या नावाने मिळू लागली, पण दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिने उलटण्याची अट होती. पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण १ एप्रिल २०२१ ला खुले झाले होते आणि मे महिन्यात कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले होते. त्यामुळे जालन्यातील ज्या वृद्ध शेतकऱ्याला दुसरी मात्रा जुलैत मिळाली, त्याची पाळी एप्रिल २०२२ मध्ये येणार होती, आणि ओमायक्रॉन या बदललेल्या विषाणूची लाट तर जानेवारीतच शिगेला पोहोचली. ज्यांना संरक्षणाची गरज सर्वाधिक होती त्यांच्यासाठी हे नऊ महिन्यांचे अंतर अवाजवी होते, असेच म्हणावे लागते. ते सहा महिन्यांवर आले जुलै २०२२ मध्ये. त्याच महिन्याच्या १५ तारखेपासून ७५ दिवस प्रौढांना ही मात्रा शासकीय केंद्रांवर विनामूल्य मिळाली.

तीही मूळ विषाणूवरच बेतलेली होती. बदललेल्या विषाणूशी जुळवून घेतलेली, म्हणजे अद्ययावत लस ब्रिटनने ऑगस्ट २०२२ मध्ये मान्य केली. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची ओमायक्रॉनविरोधी ‘जेमकोव्हॅक-ओएम’ जून २०२३ मध्ये आली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर करून महिना उलटला होता आणि भारतात ओमायक्रॉनच्याच एक्सबीबी या पुढच्या शाखेचे उपप्रकार पसरलेले होते.